कडेच्या उड्या, टोकाच्या उड्या

फिगर स्केटिंगमध्ये मूळ उड्या सहाच: टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. हिवाळी ऑलिंपिकच्या दिवसांत समालोचकांच्या तोंडून ही नावं भराभर येत असतात. वरचा क्रम गुणांचा आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या गेल्या काही मोसमांतल्या तक्त्यानुसार हवेत तीन गिरक्या घेऊन केलेल्या टो लूपचं मूळ मोल ४.२, साल्कावचं ४.३, लूपचं ४.९, फ्लिपचं ५.३, लुट्झचं ५.९ आणि ॲक्सेलचं थेट ८. सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारी ही शिडी आहे. आता याच उड्या जन्मसालाने मांडून पाहा. ॲक्सेल १८८२, साल्काव १९०९, लूप १९१०, लुट्झ १९१३ आणि टो लूप १९२०च्या दशकातली. फ्लिपचं नेमकं साल सांगणं कठीण, पण तीही पहिल्या तिघींच्या मागूनच आलेली. म्हणजे सगळ्यांत अवघड उडी घरात थोरली आणि सगळ्यांत सोपी उडी धाकट्यांतली. कुठलंही कसब आधी सोपं साधतं आणि मग अवघडाकडे वळतं, हा आपला रोजचा समज इथे उलटा पडतो. असं का झालं याचं उत्तर बहुधा जनकांच्या चरित्रांत शोधलं जातं, कारण यांतल्या तीन उड्या माणसांच्या नावांनीच ओळखल्या जातात आणि लूपलाही युरोपात बऱ्याच ठिकाणी रिटबर्गर म्हणतात. माझं म्हणणं असं की उत्तर माणसांपेक्षा बर्फावर उमटणाऱ्या रेघेत आहे. पहिल्या उड्या त्या रेघेतून निघाल्या, नंतरच्या उड्या रेघेचा धाक सुटल्यावर आल्या, आणि कोणती उडी सोपी वाटावी हे त्या त्या पिढीच्या सरावाने ठरवलं.

हे पटवायचं तर आधी पातं पाहायला हवं. स्केटचं पातं जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्याचा तळ सपाट नसतो. धार लावताना मधोमध, लांबीभर एक खोलगट पन्हळ काढलेली असते. त्यामुळे पात्याला दोन कडा मिळतात, एक पायाच्या आतल्या अंगाला, दुसरी बाहेरच्या अंगाला. घोटा किंचित कलला की एकच कड बर्फाला टेकते आणि पाय आपोआप वळण घेत जातो. पुढे जाताना या दोन कडा, पाठमोरं जाताना याच दोन, असा प्रत्येक पायाचा चार चालींचा हिशेब. शिवाय पात्याच्या पुढच्या टोकाला दाते काढलेले असतात. सहा उड्यांची खरी विभागणी इथे होते. ॲक्सेल, साल्काव आणि लूप या तिन्ही नुसत्या कडेवरून उचलल्या जातात. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ मारताना मोकळ्या पायाच्या टोकाचे दाते बर्फात रोवून त्यांच्या आधाराने वर जायचं असतं. उतरणं मात्र सगळ्यांचं एकच, पाठमोरं, बाहेरच्या कडेवर. म्हणजे या उड्यांमधला फरक हवेत नसतोच, तो उडण्याआधीच्या क्षणात असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टो लूप आणि लूप एकाच कडेवरून निघतात, तसंच फ्लिप आणि साल्कावचं. पहिल्यात दात्यांचा आधार आहे, दुसऱ्यात नाही, एवढंच. आधार असलेली उडी सोपी, तर ती आधी का नाही सापडली?

बर्फावर उड्या पूर्वीही मारल्या जातच होत्या. एडिंबराच्या जुन्या स्केटिंग क्लबचं सभासद व्हायचं तर दोन्ही पायांवर एकेक पूर्ण वर्तुळ काढून दाखवावं लागे आणि मग आधी एक, मग दोन, मग एकावर एक रचलेल्या तीन टोप्यांवरून उडी मारावी लागे. या परीक्षेत वर्तुळ आणि उडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उडी म्हणजे अडथळा ओलांडणं, त्यात गिरकी नाही आणि कुठल्या कडेवरून निघालात याची कुणाला पर्वा नाही. लंडनमध्ये रॉबर्ट जोन्सने १७७२ मध्ये स्केटिंगवरचं पुस्तक काढलं तेव्हापासून पुढची शंभर वर्षं या कलेचा जीव वर्तुळात गुंतलेला होता. आठाचा आकडा, तिनाचा आकडा, वर्तुळाच्या आत काढलेला छोटा लंबगोल फास, यांना आकृत्या म्हणत आणि फिगर स्केटिंग हे नाव त्यांच्यामुळेच पडलं. मुलाने अक्षराचा कित्ता गिरवावा तशी एकच आकृती त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा गिरवायची असे. नंतर परीक्षक बर्फावर वाकून, वेळ पडल्यास गुडघे टेकून, उमटलेली रेघ तपासत. वर्तुळ गोल आहे का, दुसऱ्या फेरीची रेघ पहिलीवर बसली का, वळणाच्या जागी कड स्वच्छ बदलली का, हे पाहिलं जाई. जोर घेताना टोकाने बर्फाला ढकललं तर तो दोष. दात्यांचा ओरखडा म्हणजे सुंदर हस्ताक्षराच्या वहीवर पडलेला शाईचा डाग. एकोणिसाव्या शतकातला स्केटर टोकाकडे कसा पाहत असेल हे एवढ्यावरून कळतं.

या वातावरणात १८८२ ची व्हिएन्नातली स्पर्धा भरली. त्या शहरात अमेरिकन जॅक्सन हेन्सने १८६०च्या दशकात संगीताच्या तालावर, नृत्याच्या अंगाने स्केटिंग करून दाखवलं होतं आणि त्याची छाप तिथे खोल उमटली होती. तरीही स्पर्धेची मांडणी पाहिली तर रेघेचंच राज्य दिसतं. प्रत्येक स्पर्धकाला तेवीस ठरावीक आकृत्या काढायच्या होत्या, आपल्या कल्पनेतली एक खास आकृती दाखवायची होती आणि शेवटी चार मिनिटं मुक्त स्केटिंग करायचं होतं. नॉर्वेचा ॲक्सेल पॉल्सेन तिथे एक वेगळी उडी मारून गेला. तो पुढच्या दिशेने, बाहेरच्या कडेवरून वर गेला आणि दीड गिरकी घेऊन पाठमोरा उतरला. पॉल्सेनची कीर्ती मुख्यतः वेगाच्या स्केटिंगमधली आणि ही उडी त्याने शर्यतीच्या लांब पात्यांवरच मारली, असं सांगतात. कुणी म्हणेल की हा माणूस आकृत्यांच्या परंपरेचा नव्हताच, मग त्याची उडी रेघेतून निघाली असं कसं म्हणावं? पण शर्यतीच्या पात्याला टोकाचे दाते नसतात. ज्याच्यापाशी टोकाचा आधारच नाही त्याला कडेवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय उडी ज्या कडेवरून निघाली ती तिनाच्या आकृतीची सुरुवातीची कड. त्या आकृतीत स्केटर पुढे जाता जाता बर्फावरच अर्धा वळतो. ते अर्धं वळण हवेत घेतलं की लहान मुलं शिकतात ती अर्ध्या गिरकीची साधी उडी होते, आणि तिच्यात आणखी एक पूर्ण गिरकी घातली की ॲक्सेल. पॉल्सेनचं धाडस मोठं होतं यात शंका नाही, पण त्या धाडसाची वाट आधीच आखलेली होती.

पुढच्या दोन उड्यांत ही वाट आणखी स्पष्ट दिसते. स्वीडनचा उलरिक साल्काव दहा वेळा जगज्जेता झाला आणि १९०८ मध्ये लंडनला ऑलिंपिक सुवर्णपदकही त्याने मिळवलं. ही सगळी जेतेपदं अर्थातच मुख्यतः आकृत्यांच्या जोरावर होती. त्याच्या उडीचा आरंभ नीट पाहावा. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पुढे जाणारा स्केटर एका क्षणी वळतो आणि त्याच पायाच्या आतल्या कडेवर पाठमोरा होतो. बर्फावर ३ चा आकडा उमटतो. या वळणानंतर शरीराला आणखी फिरायची ओढ असते. आकृती काढणाऱ्याला खांदे आणि कंबर उलट बाजूला आवळून ती ओढ थोपवावी लागते, नाहीतर पुढची रेघ बिघडते. साल्कावने ती थोपवली नाही. मोकळा उजवा पाय पुढून फिरवत आणून त्याने तिला वर जाऊ दिलं, आणि एक पूर्ण गिरकी घेऊन तो उजव्या पायावर उतरला. वर्षानुवर्षं जी ओढ दोष म्हणून दाबली होती तीच इथे उडीची ताकद झाली. जर्मनीच्या वेर्नर रिटबर्गरची लूपही अशीच. वर्तुळातला लंबगोल फास काढताना शरीर एकाच पायावर, एकाच कडेवर गुंडाळलं जातं. पाठमोऱ्या, बाहेरच्या कडेवरच्या त्या पिळातूनच, दुसऱ्या पायाची मदत न घेता, रिटबर्गर वर उचलला गेला आणि त्याच पायावर उतरला. आकृत्यांचा दबदबा तेव्हा किती होता हे १९०८ च्याच ऑलिंपिकमध्ये दिसतं. तिथे खास आकृत्यांची स्वतंत्र स्पर्धा झाली आणि रशियाच्या निकोलाय पानिनने बर्फावर इतक्या गुंतागुंतीच्या नक्षी कोरल्या की सुवर्णपदक त्यालाच मिळालं. त्यानंतर वर्षभरातच साल्कावची उडी आली. रेघेचं वैभव कळसाला असताना तिच्यातून उड्या फुटल्या.

मग टोक कधी आलं? आधी आक्षेप घ्यावा. टोकाच्या उड्यांत आधी नाव झालं ते लुट्झचं, आणि ती तर तिघींत सगळ्यांत अवघड. टोक हा सोपेपणाचा मार्ग असता तर सोपी टो लूप आधी आली असती. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. ऑस्ट्रियाच्या अलोइस लुट्झच्या नावाने ओळखली जाणारी ही उडी एका बाबतीत जगावेगळी आहे. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पाठमोरा स्केटर लांब, संथ वळण घेत जातो. हे वळण घड्याळाच्या काट्याच्या दिशेचं, आणि उडीची गिरकी मात्र काट्याच्या उलट. बाकीच्या पाच उड्यांत वळण आणि गिरकी एकाच दिशेची असतात, त्यामुळे वळणच गिरकीला हात देतं. लुट्झमध्ये वळण गिरकीच्या विरोधात जातं. आकृत्यांच्या अभ्यासात वळणाच्या उलट अंगाने फिरण्याची आकृतीही होती आणि सराईत स्केटरांना ती येत असे. पण तीच गोष्ट हवेत करायची तर नुसत्या कडेतून पुरेसं बळ मिळणं फार कठीण. इथे दात्यांशिवाय इलाज नव्हता. म्हणजे टोक पहिल्यांदा आलं ते जिथे कड अपुरी पडली तिथे, आणि तेही कडेच्याच अभ्यासाने घातलेला एक पेच सोडवण्यासाठी. जिथे कड पुरत होती तिथे टोक लावायचं कुणाच्या मनातही आलं नसावं. ज्याने आयुष्य ओरखडे टाळण्यात घालवलं तो गरज नसताना बर्फात दाते कशाला रोवेल?

टो लूपचं श्रेय अमेरिकेच्या ब्रूस मेप्सला दिलं जातं, आणि फ्लिपच्या संदर्भातही त्याचंच नाव घेतलं जातं. मेप्स व्यावसायिक स्केटर, म्हणजे जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिक त्याला बंद. तिथे तेव्हा हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. त्याचं क्षेत्र प्रेक्षकांसमोर, तिकीट लावून केले जाणारे बर्फावरचे खेळ. या जगाची वाढ नेमकी त्याच सुमाराला झाली होती. बर्लिनची शार्लोट ओल्श्लेगल १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोमवर अवतरली आणि बर्फावरचं नाट्य अमेरिकेत गाजलं. युरोपात महायुद्ध चालू होतं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९१५ पासून बंद पडल्या त्या थेट १९२२ मध्ये सुरू झाल्या. रेघ तपासणारे परीक्षक जितकी वर्षं गप्प होते तितकी वर्षं रंगमंचावर टाळ्या वाजत होत्या. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला बर्फावरची रेघ दिसत नाही. त्याला उंची दिसते, वेग दिसतो आणि टोक रोवल्याचा खट असा आवाज ऐकू येतो. टो लूप ही या जगाची उडी आहे. चार चाकांच्या कलात्मक स्केटिंगमध्ये याच उड्या मारल्या जातात आणि टो लूपला तिथे मेप्सच म्हणतात. महाराष्ट्रातल्या शहरांत बर्फ नसला तरी सिमेंटच्या रिंकवर चाकांचे स्केट्स घालून घुमणारी मुलं भरपूर आहेत. त्या चाकांवर दात्यांच्या जागी पुढे रबरी अडसर असतो, पण कडेची उडी आणि टोकाची उडी हा भेद तिथेही तसाच राहिला आहे.

इथवरच्या मांडणीवर दुसरा, जास्त वजनदार आक्षेप असा की ही सालं परंपरेने चालत आलेली आहेत. कुठल्या गोठलेल्या तळ्यावर कुणी अनाम मुलाने पॉल्सेनच्या आधी टोक रोवून उडी मारली नसेल कशावरून? मारली असेलच. लुट्झने तर जागतिक स्पर्धाही खेळल्या नाहीत आणि १९१८ मध्ये, अगदी तरुण वयात तो गेला. पण प्रश्न पहिल्यांदा कुणी उडी मारली हा नाही, स्केटिंगच्या जाणत्या मंडळींनी कोणती उडी नोंदवण्याजोगी मानली हा आहे. त्या मंडळींच्या नजरेत आधी तिन्ही कडेच्या उड्या भरल्या आणि टोकाच्या मागाहून. तेवढ्यावर भागत नसेल तर आणखी एक पुरावा आहे, आणि तो परंपरेवर अवलंबून नाही, स्पर्धांच्या नोंदींवर आहे. अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये दुहेरी ॲक्सेल मारली आणि १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये स्पर्धेतली पहिली तिहेरी उडी. ही पहिली तिहेरी कोणती? टो लूप नव्हे, लूप. १९५५ मध्ये रॉनी रॉबर्टसनने तिहेरी साल्काव मारली. १९६२ मध्ये प्रागला कॅनडाच्या डोनाल्ड जॅक्सनने तिहेरी लुट्झ, आणि मग १९६४ मध्ये टॉमस लिट्झने तिहेरी टो लूप. ॲक्सेलला पुढच्या कडेमुळे अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते, म्हणून तिची तिहेरी १९७८ पर्यंत थांबली. ती ओटावात व्हर्न टेलरने मारली. ॲक्सेल बाजूला ठेवली तर क्रम पुन्हा तोच: आधी कडेच्या दोन, मग लुट्झ, मग टो लूप. अर्ध्या शतकानंतर, तिप्पट गिरक्यांच्या पातळीवर, वेगळ्या देशांतल्या खेळाडूंनी जुनाच क्रम गिरवला. हा योगायोग मानायला मन घेत नाही.

आता चौपट गिरक्यांकडे या. पुरुषांची पहिली मान्य चौपट उडी १९८८ मध्ये बुडापेस्टला कर्ट ब्राउनिंगने मारली, ती टो लूप. १९९८ मध्ये टिमोथी गेबलने साल्काव, २०११ मध्ये ब्रँडन म्रोझने लुट्झ, २०१६ मध्ये शोमा उनोने फ्लिप आणि त्याच वर्षी युझुरू हान्यूने लूप मारली. शेवटी २०२२ च्या सप्टेंबरात लेक प्लॅसिडला इलिया मालिनिनने ॲक्सेल मारली. म्हणजे गाडी इथे उलटी फिरली. सगळ्यांत सोपी टो लूप सगळ्यांत आधी आली, आणि तिहेरी उड्यांचं दार उघडणारी लूप आता जवळजवळ शेवटी. १९६४ आणि १९८८ या दोन सालांच्या मध्ये काय बदललं? आकृत्यांचं राज्य संपलं. १९६८ पर्यंत स्पर्धेच्या एकूण गुणांपैकी साठ टक्के आकृत्यांना होते. मग ते निम्म्यावर आले, १९७३ पासून छोटा कार्यक्रम आल्यावर आणखी उतरले आणि १९९० च्या हॅलिफॅक्स स्पर्धेनंतर आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्याच. या बदलाला एक निमित्त सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. १९७२ च्या सप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबाने आकृत्यांच्या जोरावर सुवर्ण जिंकलं, जरी मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी होती. प्रेक्षकांच्या मनात भरलेल्या जॅनेट लिनला कांस्यावर समाधान मानावं लागलं. टीव्हीवर वर्तुळं दिसत नव्हती, दिसत होत्या उड्या. पहाटेचे तास आकृत्या गिरवण्यात घालवणारी पिढी मागे पडली आणि ते तास उड्यांना मिळू लागले. कडेवर भिस्त ठेवणाऱ्यांची जागा टोकावर भिस्त ठेवणाऱ्यांनी घेतली.

यावर शास्त्राच्या बाजूने कुणी म्हणेल की क्रम बदलला तो निव्वळ बळाच्या गणितामुळे. चार गिरक्यांना जास्त उंची आणि जास्त वेग लागतो, टोक तो मिळवून देतं, मग आकृत्यांना कशाला मध्ये आणायचं? या म्हणण्यात तथ्य आहे. बर्फाचाही वाटा आहे. सेंट मॉरिट्झ आणि ऑस्लो ही दोन्ही ऑलिंपिकं उघड्या आकाशाखाली झाली आणि उन्हावाऱ्यात बर्फ कुठे मऊ तर कुठे ठिसूळ असे. १९६७ नंतर जागतिक स्पर्धा उघड्यावर भरल्या नाहीत आणि बंदिस्त रिंकमधल्या एकसारख्या बर्फात दाते रोवणं भरवशाचं झालं. पण बळाचं गणित काही १९६४ नंतर जन्माला आलं नाही. तीन गिरक्यांनाही उंची लागतेच, आणि टोक १९५२ मध्येही होतं. तरी बटनने कड निवडली. गणित जे शक्य करतं त्यातलं माणूस काय निवडतो हे त्याच्या अंगात काय मुरलं आहे त्यावर ठरतं. महिलांच्या इतिहासाने मात्र या सिद्धान्ताला एक मर्यादा घालून दिली आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या थेरेसा वेल्डने साल्काव मारली, तेव्हा घागरा गुडघ्यापर्यंत उडाला म्हणून परीक्षकांनी तिला समज दिली, असं सांगतात. महिलांची पहिली दुहेरी उडी १९३६ मध्ये ब्रिटनच्या सिसिलिया कॉलेजने मारली, तीही साल्काव. साठच्या दशकाच्या आरंभी कॅनडाच्या पेट्रा बुर्काने तिहेरी मारली ती साल्काव, आणि जपानच्या मिकी आंदोने २००२ मध्ये पहिली चौपट मारली तीसुद्धा साल्कावच. आकृत्या जाऊन बारा वर्षं झाल्यावरही कडेचीच उडी पहिली यावी, हे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं. साल्कावमध्ये गिरकीचा काही भाग बर्फावरच सुरू होतो, त्यामुळे कमी उंचीत निभावतं. इथे शरीराच्या गणिताने सवयीवर मात केली. २०१८ मध्ये अलेक्सांद्रा त्रुसोवाने चौपट टो लूप आणि लुट्झ मारल्यावर महिलांमध्येही टोकाचा जमाना सुरू झाला. तेव्हा सराव हे एकमेव कारण नाही, पण पुरुषांच्या दोन क्रमांतला फरक त्याच्याशिवाय उलगडत नाही.

एवढ्याने कड हरली असं म्हणता येईल का? नियमांकडे पाहिलं तर नाही. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर जुनी सहा गुणांची पद्धत गेली आणि २००४ मध्ये प्रत्येक उडीला वेगळं मोल देणारी नवी पद्धत आली. तिच्यात तांत्रिक मंडळ उडीची चित्रफीत मंद गतीने पाहतं. लुट्झ मारताना शेवटच्या क्षणी घोटा आतल्या बाजूला कलून कड बदलली तर ती प्रत्यक्षात फ्लिप झालेली असते. अशा उडीला चुकीच्या कडेची खूण लागते आणि गुण कापले जातात. फ्लिपमध्ये उलटी चूक झाली तरी तेच. ज्या दोन उड्यांचा जीव टोकात आहे त्यांचीच कड आज सगळ्यांत बारकाईने तपासली जाते. परीक्षक आता गुडघे टेकत नाहीत, पडद्यावर चौकट थांबवतात, पण पाहतात ते जोन्सच्या काळापासून पाहिलं जात होतं तेच, पाय कुठल्या कडेवर आहे ते. शिवाय नियम जे मोजत नाही ते हळूहळू विरून जातं. अमेरिकन व्यावसायिक नेट वॉलीच्या नावाची वॉली ही उडी आतल्या कडेवरून, वळणाच्या उलट गिरकीने, टोकाविना मारतात. कडेच्या कसबाची ती मोठी परीक्षा आहे, पण मोल असलेल्या उड्यांच्या यादीत तिला जागा नाही, म्हणून ती फक्त दोन उड्यांमधला सजावटीचा दुवा होऊन राहिली. तेव्हा उड्या सहाच का, याचंही उत्तर निसर्गात अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं नियमांच्या पुस्तकात आहे.

म्हणून गुणतक्त्यातली शिडी पाहताना ती सृष्टीने आखलेली चढण आहे असं मानू नये. ॲक्सेल आणि बाकीच्या पाचांमधलं अंतर पुढच्या कडेमुळे आहे आणि ते कायम राहील. पण उरलेल्या पाचांमध्ये टो लूप सगळ्यांत खाली आणि लूप तिच्या वर का, याला जितकं कारण दात्यांच्या बळात आहे तितकंच गेल्या पन्नास वर्षांत पोरांनी सकाळी उठून काय गिरवलं नाही यात आहे. डिक बटनच्या पिढीला हा तक्ता दाखवला असता तर त्यांनी त्यातल्या काही जागांवर हरकत घेतली असती, आणि ती हरकत अडाण्याची नसती. सोपं काय आणि अवघड काय, हे प्रत्येक पिढी आपल्या सरावाच्या मापाने मोजते आणि मग ते माप सार्वकालिक आहे असं समजून चालते. उद्या नियमांनी कडेला पुन्हा जास्त गुण दिले, वॉलीसारख्या उडीला मोल लावलं आणि शिक्षकांनी पहाटेचे दोन तास वर्तुळांना परत दिले, तर पाच गिरक्यांची उडी शोधणारी मुलं कदाचित टोक सोडून कडेवरूनच उडू लागतील. तेव्हा टो लूपला अवघड म्हणणारा तक्ताही कुणीतरी तितक्याच विश्वासाने छापेल.